आराखड्याचे नाव बदलले की आराखडाही बदलतो का?

प्रश्न

नमस्कार. मी एका स्थानिक स्वराज्य संस्थेच्या पर्यावरण विभागात काम करते आणि गेली तीन वर्षे एकाच आराखड्याचे मसुदे लिहीत आहे. पहिल्या मसुद्याचे नाव ‘हवामान कृती आराखडा’ होते. तो सभागृहात आला तेव्हा हा विषय बाहेरून आणलेला आहे, आपल्या नागरिकांचा नाही, असा आक्षेप काही सदस्यांनी घेतला आणि मसुदा परत आला. दुसऱ्या वेळी आम्ही त्याला ‘शाश्वत शहर आराखडा’ म्हटले. तिसऱ्या वेळी ‘पूर व उष्णता सज्जता आराखडा’ असे नाव दिले आणि या वेळी मात्र सर्व बाजूंच्या सदस्यांनी त्याचे स्वागत केले. केवळ शब्द बदलत आहेत, आशय तोच आहे, अशी समजूत आम्ही दर वेळी घालून घेतली.

गेल्या आठवड्यात तिन्ही मसुदे शेजारी ठेवून वाचले, तेव्हा ही समजूत टिकली नाही. पहिल्या मसुद्यात उत्सर्जनाच्या मोजणीचे स्वतंत्र प्रकरण होते. दुसऱ्यात ते दोन पानांवर आले आणि तिसऱ्यात परिशिष्टातला एक तक्ता तेवढा उरला. खासगी वाहने आणि इमारतींचा वीजवापर यांविषयीच्या तरतुदी गळाल्या. नाले, पंप, पूर-इशारा यंत्रणा आणि सावलीच्या जागा वाढल्या. यातले काहीही कोणी आदेश देऊन काढायला लावले नव्हते. नव्या नावाखाली ते विषयाला धरून वाटेनासे झाले आणि आमच्याच हातांनी आम्ही ते वगळले.

राजकीय नॅरेटिव्ह, म्हणजे ‘संकट कोणते, त्याला जबाबदार कोण आणि वाचवणार कोण’ याविषयी प्रचलित असलेली गोष्ट, स्थानिक हवामान धोरणाचा आशयच ठरवते का? इतरत्र काय घडले आहे? आणि जे शब्द लोकांना पटतात तेच वापरावेत, की त्यात आपण काही कायमचे गमावतो?

पहिला प्रतिसाद

आपण तीन मसुदे शेजारी ठेवले हे फार चांगले केले, कारण हा बदल एकेका मसुद्यात दिसत नाही. मी सार्वजनिक धोरण शिकवतो. आमच्या विषयात या अभ्यासाची एक रीतसर चौकट आहे: प्रत्येक धोरणकथेला पार्श्वभूमी असते, बळी, दोषी आणि तारणहार अशी पात्रे असतात, घटनाक्रम असतो आणि शेवटी उपाय येतो. यातली महत्त्वाची गोष्ट अशी की उपाय कथेबाहेरून येत नाही. बळी म्हणून पुरात सापडलेले कुटुंब आणि दोषी म्हणून तुंबलेला नाला ठरला, की पुढचे पान पंपाचेच असते. धूर सोडणारे वाहन त्या गोष्टीत पात्र म्हणून आलेलेच नसते, त्यामुळे त्याविषयीची तरतूद विषयांतर वाटू लागते. आपल्या विभागाने नेमके हेच अनुभवले.

पण माझ्या मते नॅरेटिव्हची याहूनही खोल पकड कालमर्यादेवर असते, आणि त्याकडे फारसे लक्ष जात नाही. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्याचे उदाहरण घ्या. तेथील किनारा आयोगाच्या शास्त्रीय समितीने २०१० मध्ये सांगितले की नियोजन करताना २१०० पर्यंत समुद्रपातळी सुमारे एक मीटरने (३९ इंचांनी) वाढेल असे धरून चालावे. किनाऱ्यावरच्या वीस काउंट्यांच्या (जिल्ह्यांच्या) नावाने काम करणाऱ्या एका गटाने त्याला कडाडून विरोध केला. त्यांच्या गोष्टीत बळी होता जमीनमालक आणि दोषी होते संगणकातले प्रारूप: एका अंदाजापायी आमच्या जमिनी निकामी ठरवल्या जात आहेत, विमा महाग होईल, बांधकाम थांबेल. २०१२ मध्ये राज्याने कायदा करून नियमनासाठी समुद्रपातळीवाढीचा दर ठरवण्यास राज्य यंत्रणांना काही वर्षे मनाई केली. जगभर त्याची चर्चा झाली ती ‘विज्ञानावर बंदी’ अशा स्वरूपात. मला मात्र त्यानंतरचा टप्पा अधिक बोलका वाटतो. पुढचा अहवाल तयार करताना समितीला तीस वर्षांची मर्यादा घालून देण्यात आली. २०१५ चा तो अहवाल त्याच शास्त्राचा होता, पण तीस वर्षांत होणारी वाढ काही इंचांचीच निघते, आणि काही इंचांसाठी कोणी वसाहतीची जागा बदलत नाही. विज्ञान नाकारले गेले नाही; त्याला विचारलेला प्रश्न लहान केला गेला. आपल्या तिसऱ्या मसुद्यातील लक्ष्यवर्ष पहिल्या मसुद्यापेक्षा अलीकडे आले आहे का, हे कृपया तपासून पाहा. तसे झाले असेल, अशी मला दाट शंका आहे.

फ्लोरिडाची हकीकत याच्या उलट दिसते, पण तीही अखेर याच मुद्द्यावर येते. राज्याच्या आग्नेय टोकावरील ब्रॉवर्ड, मायामी-डेड, मन्रो आणि पाम बीच या चार काउंट्या २०१० च्या सुमारास एकत्र आल्या आणि त्यांनी हवामानविषयक प्रादेशिक करार केला. यात दोन्ही पक्षांचे लोकप्रतिनिधी होते. राज्य पातळीवर मात्र हवेची दिशा वेगळी होती. पर्यावरण खात्यातील कर्मचाऱ्यांना ‘हवामान बदल’ हे शब्द टाळण्यास तोंडी सांगितले जाते, असे वृत्त २०१५ मध्ये आले (तत्कालीन गव्हर्नरांनी ते नाकारले), आणि २०२४ मध्ये तर राज्याच्या कायद्यातून या शब्दांचे अनेक उल्लेख काढून टाकण्यात आले. तरीही मायामी बीचमध्ये पंप बसले, रस्ते उंच झाले. भरतीचे खारे पाणी ढगही नसताना रस्त्यावर येते तेव्हा पक्ष आडवे येत नाहीत. ‘दारात आलेले पाणी’ ही गोष्ट इतकी बळकट होती की तिने राज्याचे मौनही ओलांडले. पण तिला जे पेलले ते दाराशी दिसणारे काम होते. रस्ता उंच झाला की पाणी आपल्या घरात शिरेल, या भीतीने काही रहिवासी त्या कामाच्याही विरोधात गेले, कारण गोष्ट घरापासून सुरू झाली होती आणि तिचे मोजमाप घरच होते.

म्हणून आपल्या प्रश्नाच्या पहिल्या भागाला माझे उत्तर ‘होय’ असे आहे. शब्दांविषयीच्या शेवटच्या भागाचे उत्तर इतरांनी द्यावे. माझी स्वतःची भूमिका त्याबाबत अद्याप पक्की झालेली नाही.

दुसरा प्रतिसाद

वरील विवेचन पटले. मी वाहतूक नियोजनात काम केले आहे आणि त्या बाजूने एक भर घालतो. कधीकधी गोष्ट धोरणाचा आशय ठरवते, तर कधी दोन वेगळी धोरणे एकत्र शिवून तिसरेच धोरण लोकांपुढे उभे करते, जे कोणी मांडलेलेच नसते.

ऑक्सफर्डमध्ये २०२२ च्या अखेरीस हेच घडले. काउंटी परिषदेने काही रस्त्यांवर ठरावीक वेळेत खासगी मोटारींना मज्जाव करणारी योजना आखली होती. रहिवाशांना वर्षातून शंभर दिवस त्या मार्गांनी जाण्याचा परवाना मिळणार होता आणि एरवी वळसा घेऊन शहरात कोठेही जाण्यास आडकाठी नव्हती. त्याच सुमारास शहर परिषदेच्या स्वतंत्र विकास आराखड्यात ‘पंधरा मिनिटांचे शहर’ ही कल्पना होती. रोजच्या गरजा घरापासून पायी किंवा सायकलने पंधरा मिनिटांत भागाव्यात, ही मांडणी कार्लोस मोरेनो यांनी २०१६ मध्ये केली होती आणि पॅरिसच्या तत्कालीन महापौर ॲन हिदाल्गो यांनी २०२० च्या निवडणुकीत ती प्रचारात आणली होती. संस्था वेगळ्या, कागद वेगळे, हेतूही पूर्णतः एक नव्हता. समाजमाध्यमांवर मात्र दोन्हींची सांगड घालून एकच गोष्ट फिरली: हवामानाच्या नावाखाली नागरिकांना विभागांत कोंडले जाणार आहे. दोन्ही परिषदांना संयुक्त निवेदन काढून खुलासा करावा लागला, कर्मचाऱ्यांना शिवीगाळ सोसावी लागली, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये शहरात मोठा मोर्चा निघाला, ज्यात दूरदूरचे लोक आले होते. टाळेबंदीचा अनुभव ताजा होता, म्हणून ‘कोंडले जाणे’ या शब्दाला तेव्हा धार होती. चार वर्षे आधी हाच आराखडा आला असता तर हीच गोष्ट रुजली असती असे मला वाटत नाही.

दुसरे उदाहरण लंडनच्या अत्यल्प उत्सर्जन क्षेत्राचे. जुन्या, अधिक प्रदूषण करणाऱ्या वाहनांना त्या क्षेत्रात दिवसाला साडेबारा पौंड शुल्क आहे. २०१९ मध्ये मध्यवर्ती भागात सुरू झालेली ही योजना २९ ऑगस्ट २०२३ रोजी लंडनच्या सर्व बरोंना (प्रशासकीय विभागांना) लागू झाली. हा मुळात श्वासातल्या हवेचा नियम आहे: नायट्रोजन ऑक्साइड आणि सूक्ष्म कण कमी करण्यासाठीचा. पण विस्ताराच्या महिनाभर आधी लंडनमधीलच अक्सब्रिज आणि साउथ रायस्लिप या मतदारसंघात पोटनिवडणूक झाली आणि हुजूर पक्षाने ती जागा अवघ्या ४९५ मतांनी राखली. या निकालाचे श्रेय शुल्काविरुद्धच्या रागाला दिले गेले. त्यानंतर दोनच महिन्यांत तत्कालीन पंतप्रधान ऋषी सुनक यांनी नव्या पेट्रोल-डिझेल मोटारींच्या विक्रीवरील बंदी २०३० वरून २०३५ पर्यंत पुढे ढकलली. शहराच्या हवेचा नियम पोटनिवडणुकीच्या गोष्टीत शिरला आणि देशाच्या कार्बन धोरणाची तारीख बदलून बाहेर पडला. स्थानिक शासन हे वरून आलेल्या धोरणाची अंमलबजावणी करणारे शेवटचे टोक आहे, असे आपण धरून चालतो. येथे प्रवाह उलटा वाहिला.

तिसरा प्रतिसाद

दोन्ही प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत, पण त्यातील एका सुराविषयी मला गंभीर हरकत नोंदवायची आहे. विरोध झाला की तो ‘नॅरेटिव्ह’ आणि आराखडा मात्र ‘वस्तुस्थिती’, ही विभागणी न्याय्य नाही. जुनी मोटार असलेला, पहाटे किंवा रात्रपाळीला बस नसताना कामावर जाणारा माणूस शुल्काविरुद्ध बोलतो तेव्हा तो कोणाची गोष्ट सांगत नसतो, आपला हिशेब सांगत असतो. लंडनमध्ये जुनी वाहने मोडीत काढण्यासाठीचे अनुदान सरसकट सर्व लंडनवासीयांना खुले झाले ते ऑगस्ट २०२३ मध्ये, म्हणजे ओरड झाल्यानंतर. ते आधी झाले असते तर विरोधकांच्या गोष्टीला इतके श्रोते मिळाले असते का?

वेल्समधील फेअरबोर्न या समुद्रकाठच्या गावाचाही विचार व्हावा. या गावाचा किनारा सन २०५४ च्या पुढे राखणे शक्य होणार नाही आणि गाव टप्प्याटप्प्याने रिकामे करावे लागेल, अशी भूमिका ग्वीनेड परिषदेने घेतली. हेतू वाईट नव्हता. धोका लपवणे हे अधिक वाईट झाले असते. पण माध्यमांनी या गावाला ‘ब्रिटनचे पहिले हवामान निर्वासित’ असे नाव दिले. घरांच्या किमती पडल्या, कर्ज मिळेनासे झाले. पाणी यायला अजून अनेक वर्षे होती, पण गोष्ट आधीच येऊन पोहोचली होती. माणसे कोठे जाणार, भरपाई कोण देणार, याची तरतूद न करता तारीख तेवढी जाहीर झाली. ही गोष्ट हवामान नाकारणाऱ्यांनी रचलेली नव्हती. आपल्या बाजूच्या कथनानेही माणसांचे नुकसान होते, हे प्रश्नकर्तीने मसुदा लिहिताना विसरू नये अशी विनंती आहे.

चौथा प्रतिसाद

‘लोकांना पटणारे शब्द वापरावेत का’ या भागाविषयी लिहिते. दोन छोट्या अमेरिकी शहरांचा अनुभव एकमेकांशेजारी ठेवण्यासारखा आहे. दोन्ही शहरे राजकीयदृष्ट्या परंपरावादी.

टेक्सासमधील जॉर्जटाउनची वीज कंपनी शहराच्याच मालकीची आहे. रिपब्लिकन पक्षाचे महापौर डेल रॉस यांच्या काळात शहराने पवन आणि सौर विजेचे दीर्घ मुदतीचे करार केले आणि शंभर टक्के अपारंपरिक विजेचे शहर म्हणून त्याचे नाव झाले. महापौर सांगत असत की हा निर्णय हवामानाचा नाही, हिशेबाचा आहे: दर अनेक वर्षांसाठी बांधलेला, बाजाराच्या चढउताराची चिंता नाही. हे कथन सर्वांना पटले. मग नैसर्गिक वायू स्वस्त झाला, घाऊक बाजारात विजेचे भाव पडले, शहराने गरजेपेक्षा जास्त वीज करारबद्ध केली होती ती तोट्यात विकावी लागली आणि ग्राहकांच्या बिलावर बोजा पडला. आता विरोधकांना नवी गोष्ट रचावी लागली नाही. त्यांनी महापौरांचीच गोष्ट वापरली. हिशेबासाठी केले होते ना, मग हिशेब चुकला. कार्बनचा मुद्दा तेव्हा मदतीला आला असता, पण तो स्वतःहून दाराबाहेर ठेवला होता. हे वाचताना मला मनापासून वाईट वाटले होते, कारण खरेदीच्या प्रमाणातील चूक दुरुस्त होण्याजोगी होती आणि बदनामी मात्र पवनचक्क्यांच्या वाट्याला आली.

कॅन्ससमधील ग्रीन्सबर्ग हे गाव ४ मे २००७ च्या टोर्नेडोने (भोवऱ्यासारख्या वादळाने) जवळजवळ संपूर्ण उद्ध्वस्त केले. पुन्हा उभारणी करताना परिषदेने ठराव केला की पालिकेच्या चार हजार चौरस फुटांहून मोठ्या इमारती हरित बांधकामाच्या ‘लीड’ मानांकनात सर्वोच्च, म्हणजे प्लॅटिनम श्रेणीच्याच असतील. गावासाठी पवनऊर्जा प्रकल्पही आला. तेथेही ‘हवामान बदल’ हे शब्द पुढे नव्हते. जमीन राखून पुढच्या पिढीकडे सोपवायची, पूर्वज वारा आणि पाणी यांचा जपून वापर करत होते तसा आपण करायचा, असे सांगितले गेले. ही गोष्ट बाजारभावावर उभी नव्हती, म्हणून बाजारभावाने ती पडली नाही.

अहमदाबादचा उष्णता कृती आराखडा तिसऱ्या प्रकारात बसतो. मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत तेथे नेहमीच्या तुलनेत १,३४४ अधिक मृत्यू झाल्याचे नंतरच्या अभ्यासातून दिसले. महापालिकेने २०१३ मध्ये आरोग्याच्या भाषेत आराखडा आणला: पूर्वसूचना, रुग्णालयांतील प्रशिक्षण, पाणी आणि सावली. दक्षिण आशियातील तो पहिलाच. त्याला वैचारिक विरोध झाला नाही, कारण उन्हाने दगावलेल्या माणसाविषयी दोन मते नसतात. मात्र आरोग्याच्या भाषेत लिहिलेला आराखडा आरोग्य यंत्रणेच्या हातात जातो, आणि उष्णता साठवून ठेवणारी बांधकामे ज्यांच्या परवानगीने उभी राहतात त्या नगररचना विभागावर त्याचे बंधन राहत नाही. म्हणून मी स्वतः शब्दांपेक्षा एक प्रश्न आधी विचारते: या नावाखाली कोणता विभाग उत्तरदायी ठरतो आणि कोणता सुटतो?

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. पहिल्या प्रतिसादातील शंका खरी निघाली. पहिल्या मसुद्याचे लक्ष्यवर्ष २०५० होते. तिसऱ्याचे २०३० आहे, आणि ते कोणत्या बैठकीत बदलले हे मला आठवत नाही, टिपणांतही सापडत नाही. तिसऱ्या प्रतिसादातील हरकतही मान्य आहे. आमच्या मसुद्यात पूररेषेतील वस्तीचा उल्लेख ‘जोखीमग्रस्त क्षेत्र’ असा आहे आणि त्यापुढे पुनर्वसनाचे एक वाक्यही नाही.

एक शंका उरते. कथन कोणतेही असो, लोकांचा त्यावरचा विश्वास आधीच ठरलेला असतो का? प्रत्यक्ष अनुभवाने ते बदलल्याचे एखादे उदाहरण आहे का?

पाचवा प्रतिसाद

आहे, आणि ते स्टॉकहोमचे. शहरात येणाऱ्या-जाणाऱ्या मोटारींवर गर्दी शुल्क लावण्याचा विषय निघाला तेव्हा बहुसंख्य लोक विरोधात होते. निवडणुकीपूर्वी शुल्क न लावण्याचे वचन दिले गेले होते आणि नंतरच्या राजकीय तडजोडीत ते मोडले गेले, त्यामुळे ‘फसवणूक’ ही गोष्ट आयती तयार होती आणि तिच्यात तथ्यही होते. तरीही योजना थेट कायम झाली नाही. ऑगस्ट २००५ मध्ये आधी जादा बस सुरू झाल्या. मग ३ जानेवारी ते ३१ जुलै २००६ या काळात शुल्काचा प्रयोग झाला. शुल्करेषा ओलांडणारी वाहतूक सुमारे २० टक्क्यांनी घटली. ऑगस्टमध्ये शुल्क थांबले आणि वाहने परत आली. म्हणजे फरक लोकांनी दोनदा पाहिला, एकदा लागू होताना आणि एकदा उठताना. सप्टेंबरमध्ये सार्वमत झाले, शहरातील मतदारांनी निसटत्या बहुमताने शुल्काच्या बाजूने कौल दिला आणि ऑगस्ट २००७ पासून शुल्क कायम झाले. पुढील वर्षांत पाठिंबा वाढत गेला.

पण केवळ अनुभवाने मने बदलली, असे म्हणणे अपुरे ठरेल. शेजारच्या ज्या नगरपालिकांनी आपापली सार्वमते घेतली त्यांतील बहुतेकांत कौल विरोधी होता, आणि देशात सत्तेवर आलेल्या नव्या सरकारमध्ये शुल्काचे जुने विरोधकही होते. त्यांनी शुल्क ठेवले, पण त्याचे उत्पन्न रस्तेबांधणीकडे वळवले. पर्यावरणाची गोष्ट रस्त्यांच्या निधीची गोष्ट झाली आणि म्हणूनच दोन्ही बाजूंना ती आपली म्हणता आली. हवामानाच्या दृष्टीने हा सौदा निर्भेळ नाही, कारण नवे रस्ते नवी वाहने आणतात. माझ्या मते तरीही तो योग्य होता: शुल्क आजही आहे, आणि मोजमाप पहिल्या दिवसापासून सुरू असल्यामुळे त्याचा परिणाम कोणाच्या शब्दावर अवलंबून राहिला नाही.

आपल्या मसुद्याबाबत माझी सूचना अशी. नाव ‘पूर व उष्णता सज्जता’ हेच राहू द्यावे. ते खोटे नाही आणि त्यासाठी आपण तीन वर्षे दिली आहेत. त्याखाली दोन लक्ष्यवर्षे शेजारी छापावीत, म्हणजे २०३० चा पंप २०५० च्या पाण्याला पुरेल का, हा प्रश्न सदस्य स्वतःच विचारतील. उत्सर्जनाचा तक्ता परिशिष्टातून मुख्य भागात आणावा आणि दरवर्षी तो सभागृहापुढे ठेवण्याची जबाबदारी नगररचना आणि वाहतूक विभागांच्या नावे लिहावी, फक्त पर्यावरण विभागाच्या नव्हे.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

दोन लक्ष्यवर्षे शेजारी छापण्याची सूचना आजच मसुद्यात घेतली. तक्ता चौथ्या प्रकरणात आणला आहे. पूररेषेतील वस्तीविषयीचा परिच्छेद मात्र मी एकटीने लिहिणार नाही. त्या वस्तीतील रहिवाशांबरोबर बैठक ठरवली आहे आणि तोपर्यंत ती जागा मसुद्यात मोकळी ठेवली आहे. चौथ्या प्रतिसादातील ताईंना एक विनंती: नगररचना विभागावर बंधन आणणारी तरतूद कोणत्या शब्दांत लिहावी, याविषयी सवडीने कळवाल का?